‘त्याला काय कळतंय?’

बाळ झोपलं की घरातली मोठी माणसं अडलेलं भांडण पुढे सुरू करतात. ‘त्याला काय कळतंय?’ हा भरवसा फार जुना आहे. त्याला तडा कसा गेला, ते सांगण्यासारखं आहे.

दुसऱ्या महायुद्धात लंडनमध्ये ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांनी लहान मुलांसाठी निवासी पाळणाघरं चालवली. बॉम्बच्या आवाजापेक्षा आईचं घाबरणं मुलाला अधिक लागतं, हे त्यांनी 1943 साली लिहून ठेवलं. पण ही युद्धाची गोष्ट. घरातल्या भांडणाचं काय? ते प्रयोगशाळेत आणणार कसं?

अमेरिकेतल्या मार्क कमिंग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मग आयांनाच निरीक्षक केलं. एक ते अडीच वर्षांच्या 24 मुलांच्या आयांनी नऊ महिने नोंदी ठेवल्या. 1981 साली निष्कर्ष छापून आले. आईवडिलांची भांडणं वरचेवर पाहणारी मुलं त्याला सरावत नव्हती. उलट राग दिसला की ती जास्त अस्वस्थ होत आणि मध्ये पडू पाहत. ‘सवय होते हो,’ असं म्हणणाऱ्यांना हे उत्तर होतं.

तरी ही मुलं जागी होती, चालती-बोलती होती. पाळण्यातल्या बाळाला विचारायचं कसं? 2013 साली ऑरेगन विद्यापीठातल्या ॲलिस ग्रॅहम, फिलिप फिशर आणि जेनिफर फायफर यांनी सहा ते बारा महिन्यांच्या 20 बाळांच्या मेंदूचं एमआरआय चित्रण प्रसिद्ध केलं, तेही बाळं झोपेत असताना. त्या यंत्राची ठोकठोक ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना याचं नवल वाटेल! बाळांच्या कानावर एका पुरुषाच्या आवाजातली निरर्थक वाक्यं घातली गेली. कधी आनंदी सुरात, कधी साध्या, कधी किंचित आणि कधी फार रागावलेल्या.

ज्या घरांत भांडण जास्त असल्याचं आयांनी सांगितलं होतं, तिथल्या बाळांच्या मेंदूचे काही भाग त्या फार रागावलेल्या सुराला अधिक प्रतिसाद देत होते. त्यांत हायपोथॅलॅमसही होता. ताण आला की याच भागातून निघालेला संदेश पियूषिका ग्रंथीमार्फत अधिवृक्क ग्रंथींपर्यंत जातो आणि रक्तात कॉर्टिसॉल वाढतं.

बाळं अवघी वीस, आणि भांडणाची मोजणी आयांच्या सांगण्यावरून. तेव्हा भांडणामुळेच हे घडलं, असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण वाक्यांना अर्थ नव्हता, आणि बाळं जागीही झाली नव्हती.