पाळीआधीचा त्रास आणि होमिओपॅथी: गोळ्यांनी खरंच फरक पडतो का?

पाळी येण्याच्या आठ-दहा दिवस आधी चिडचिड होते, रडू येतं, पोट फुगतं, छाती दुखते आणि पाळी सुरू झाली की सगळं ओसरतं. यालाच पीएमएस म्हणतात. होमिओपॅथीत स्वभाव आणि लक्षणं विचारून सेपिया, पल्सेटिला, लॅकेसिस अशी औषधं देतात. सेपिया तर चक्क कटलफिश या समुद्री जिवाच्या शाईपासून बनतं! पण '३० सी' म्हणजे एकास शंभर या प्रमाणात ३० वेळा पातळ केलेलं औषध. त्यात मूळ पदार्थाचा एक रेणूही उरण्याची शक्यता जवळपास शून्य असते.

मग बरं का वाटतं? हा त्रास दर महिन्याला कमीजास्त होतो आणि आपोआप थांबतोही. शिवाय कुणीतरी तासभर ऐकून घेतं, हेही थोडं नाही. २००१ मध्ये इस्रायलमधल्या एका अभ्यासात फायदा दिसला होता, पण त्यात स्त्रिया होत्या जेमतेम २०. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य आणि वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ मध्ये आढावा घेतला, तेव्हा एकाही आजारावर होमिओपॅथीच्या उपयोगाचा विश्वासार्ह पुरावा मिळाला नाही.

गोळ्या घेत असाल तरी दोन महिने तारखेनिशी लक्षणं लिहून ठेवा. पाळीनंतरही त्रास राहत असेल तर कारण थायरॉइड किंवा नैराश्य असू शकतं. जगणं नकोसं वाटत असेल, तर गोळ्यांचा गुण येण्याची वाट न पाहता लगेच डॉक्टरांना गाठा.