दोन खेचरांची माती : रविवारच्या वाचनांची प्रस्तावना

रविवारच्या मिस्साला नियमाने जाणाऱ्या माणसाच्या कानांवर तीन वर्षांत बायबलचा केवढा भाग पडतो, हे त्याचे त्यालाच जाणवत नाही. पहिले वाचन होते, प्रतिसाद स्तोत्र गायले जाते, दुसरे वाचन होते, मग सगळे उभे राहून शुभवर्तमान ऐकतात. घरी पोहोचेपर्यंत त्यातले एखादे वाक्य मनात उरते. त्या वाक्याचे बोट धरून पुन्हा ग्रंथाकडे जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाचे या अभ्यासात स्वागत आहे. त्यासाठी हिब्रू किंवा ग्रीक यायलाच हवी, असे नाही.

आजची वाचनमाला तशी अलीकडची. पूर्वी लॅटिन मिस्सात दरवर्षी तेच उतारे फिरून येत आणि रविवारी जुन्या कराराला जवळजवळ जागाच नसे. बायबलचा खजिना भाविकांसाठी अधिक सढळ हाताने खुला करावा, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली ठरवले आणि १९६९ साली नवी वाचनमाला आली. ‘अ’ वर्षी मत्तय, ‘ब’ वर्षी मार्क आणि ‘क’ वर्षी लूक. मार्कचे शुभवर्तमान लहान, म्हणून त्या वर्षी पाच रविवार योहानाचा सहावा अध्याय वाचतात. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी वर्ष पालटते.

सामान्यकाळात पहिले वाचन शुभवर्तमानाकडे पाहून निवडलेले असते. दुसरे मात्र पत्रांमधून आपल्या क्रमाने चालते. म्हणून अभ्यासाची पहिली पायरी अशी : पहिले वाचन आणि शुभवर्तमान शेजारी ठेवावे आणि त्यांचा सांधा शोधावा.

‘क’ वर्षातला सामान्यकाळाचा अठ्ठाविसावा रविवार घ्या. लूक दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट सांगतो. दहाही बरे होतात, पण आभार मानायला एकच परततो आणि तो शोमरोनी, म्हणजे परका. पहिल्या वाचनात अरामचा सेनापती नामान यार्देन नदीत सात वेळा बुडी मारून बरा होतो. तोही परका, तोही परततो. अलीशा संदेष्टा भेटवस्तू नाकारतो, तेव्हा नामान उलट त्याच्याकडेच मागणे मागतो : दोन खेचरांवर मावेल एवढी इथली माती. ज्या देवाने बरे केले त्याची उपासना आपल्या देशात, पण त्याच्या भूमीवर उभे राहून करता यावी, म्हणून. कृतज्ञतेला वजन असते, ती पाठीवर लादून घरी न्यावी लागते, हे ही माती शिकवते.

दुसरी पायरी : उतारा जिथे सुरू होतो त्याच्या मागे जावे. रविवारचे वाचन दुसऱ्या राजे ग्रंथाच्या पाचव्या अध्यायातल्या चौदाव्या ओवीपासून आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ घरी असेल तर ते उघडून अध्याय मुळापासून वाचा. तिथे एक मुलगी भेटते. युद्धात पकडून आणलेली, नामानच्या बायकोची दासी. संदेष्ट्याकडे गेलात तर बरे व्हाल, हे प्रथम तीच सांगते. तिचे नाव ग्रंथात नाही आणि त्या रविवारच्या उताऱ्यात तीही नाही. प्रायश्चित्तकाळाच्या तिसऱ्या आठवड्यात, सोमवारी, ती आपल्याला ऐकू येते. पण सोमवारी चर्चमध्ये किती जण असतात?

तिसरी पायरी संयमाची. दुसऱ्या वाचनाला ओढूनताणून विषयात बसवू नये; त्याला आपल्या वाटेने येऊ द्यावे. त्या रविवारी पौल तीमथ्याला बेड्यांमधून लिहितो आणि म्हणतो की आपण जखडलेलो असलो तरी देवाचा शब्द जखडलेला नाही. हे वाचन त्या मुलीसाठी निवडलेले नव्हते. तरीही मागची पाने उलटून आलेल्या वाचकाला ती आठवल्याशिवाय राहत नाही : स्वतः बंदिवासात, आणि तिचा शब्द मात्र सेनापतीला नदीपर्यंत घेऊन गेलेला.

पुढच्या रविवारी जे वाक्य मनात उरेल, तिथून सुरुवात करा.