पोटातल्या जंतूची वंशावळ



१९८८ सालची गोष्ट. यंत्रमागाच्या खात्यात आम्ही उमेदवारी करीत होतो. आमचा एक जोडीदार रात्रपाळीत पोट धरून मागापाशी बसे. डॉक्टरांनी त्याला तिखट सोडायला सांगितले, चहा सोडायला सांगितला, आणि शेवटी चिंता सोडायला सांगितली. तिखट त्याने सोडले. चिंता सोडणे त्याच्या हाती नव्हते; घरी खाणारी सहा तोंडे होती. जठराचा व्रण म्हणजे रोग्याच्याच जिभेचा आणि स्वभावाचा दोष, असे तेव्हा सर्रास मानीत. आम्हीही त्याला चार शब्द सुनावले. आज त्याची लाज वाटते.

कारण या समजुतीला तोवर तडा गेलेला होता. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरन यांना १९७९ साली जठराच्या अस्तरावर वळणदार जंतू दिसले. जठरातील आम्लात जंतू टिकत नाहीत, हा त्या काळचा सिद्धांत. बॅरी मार्शल हे तरुण डॉक्टर वॉरन यांना येऊन मिळाले. जंतू प्रयोगशाळेत वाढेनात. १९८२ साली ईस्टरच्या सुटीत तबकड्या जादा दिवस तशाच राहिल्या, आणि ते वाढले! तरी विद्वानांना पटेना. १९८४ साली मार्शल तो जंतू स्वतःच प्याले. त्यांना व्रण झाला नाही, पण वांत्या झाल्या आणि जठराला सूज आली. २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. काही व्रण वेदनाशामक गोळ्यांनीही होतात. परंतु पुष्कळशांचे मूळ या हेलिकोबॅक्टर पायलोरीत असते, आणि औषधाने तो निघतो. १९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने त्याला कर्करोगाच्या कारणांतही गणले.

आता प्रश्न असा, की जगातील सुमारे निम्म्या माणसांच्या पोटात जो जंतू आहे, तो थोड्यांनाच का छळतो? उत्तराचा एक भाग जंतूच्या जनुकांत आहे. हे सगळे जंतू एका साच्याचे नाहीत. ते झपाट्याने बदलतात, आपसांत जनुकांची देवघेव करतात. काहींपाशी ‘कॅग-ए’ नावाचे जनुक असते. त्याने घडविलेले प्रथिन हा जंतू सुईने टोचावे तसे जठराच्या पेशीत घालतो. अशा जंतूंपासून व्रणाचा व कर्करोगाचा धोका अधिक.

हा जंतू बहुधा बालपणी, घरातल्या माणसांकडूनच येतो. त्यामुळे त्याची वंशावळ माणसाच्या स्थलांतराची बखर झाली आहे. सुमारे ५८ हजार वर्षांपूर्वी माणसाबरोबर तो आफ्रिकेतून निघाला, असा २००७ सालच्या संशोधनाचा निष्कर्ष आहे. आल्प्स पर्वतात १९९१ साली सापडलेल्या ५३०० वर्षांपूर्वीच्या हिममानवाच्या पोटातही तो होता. २०१६ साली प्रसिद्ध झाले, की त्या जंतूचे जवळचे भाऊबंद आज युरोपात नव्हे, तर मध्य व दक्षिण आशियात, म्हणजे आपल्याकडे आढळतात!

कोलंबियातील दाखला याहून बोलका आहे. किनाऱ्यावर तुमाको, डोंगरात तुकेरेस. जंतू दोन्हीकडे बहुतेकांच्या पोटात. जठराचा कर्करोग मात्र डोंगरात सुमारे २५ पट. २०१४ साली दिसून आले, की माणसाचा आणि जंतूचा वंश जुना सोबती असेल तेथे इजा कमी होते. मूळ अमेरिकी वंशाच्या पोटात आफ्रिकी वंशाचा जंतू शिरला, की ती वाढते.

जनुके कोणी निवडून घेत नाही. पण दाटीची खोली, एकाच मोरीवर दहा बिऱ्हाडे, अशुद्ध पाणी हे काही दैवाने नेमलेले नाही. जेथे राहणी सुधारली, तेथे पुढच्या पिढीत हा जंतू कमी झाला. म्हणून घर आणि पाणी यांची मागणी आम्ही आता औषधाच्या मागणीशेजारीच लिहितो. पोट धरून बसलेल्या माणसाला उपदेश करण्याआधी त्याची तपासणी करवून द्या, एवढेच मागणे.

आमच्या जोडीदाराला ते कोणी सांगितले नाही. आम्हीही नाही.