तळच्या गटातील विदर्भ

हंगाम संपत आला म्हणजे क्रीडाजगतात दोन प्रकारच्या लोकांस झोप लागत नाही. ज्यांना करंडक मिळण्याचा संभव असतो ते एक. आणि पुढील वर्षी आपणांस वरच्या वर्गात बसू देतील की नाही या विवंचनेत पडलेले दुसरे. पहिल्यांच्या कथा वर्तमानपत्रे रंगवून सांगतात. दुसऱ्यांविषयी गुणतक्त्याच्या शेवटच्या ओळीपलीकडे काही लिहिलेले सहसा आढळत नाही. आमच्या विदर्भाचा क्रिकेट-संघ दीर्घकाळ या दुसऱ्या पंक्तीत होता. त्याचा इतिहास पाहू लागले असता क्रीडेपलीकडच्याही काही गोष्टी हाती लागतात, म्हणून हा लेखनप्रपंच.

तळच्या संघास खाली उतरविण्याची रीत मूळची इंग्लंडातील. तेथील फुटबॉल लीग १८८८ साली निघाली आणि १८९८ पासून शेवटच्या संघांनी आपोआप खालच्या वर्गात जावे, तेथील अव्वल संघांनी वर यावे, असा नियम रूढ झाला. रग्बीवाले या बाबतीत मोठे सोवळे. इंग्लंडातील रग्बी युनियनच्या क्लबांची चढउतार असलेली रीतसर राष्ट्रीय साखळी १९८७ साली सुरू झाली. तोवर क्लब परस्परांशी मैत्रीचे सामने ठरवीत, आणि कोण थोर, कोण सामान्य, हे जो तो आपल्या मनाशी समजून असे. याच खेळाच्या एका क्लबाची हकीकत आपल्या देशातली आहे. कलकत्त्याच्या इंग्रजांनी १८७० नंतर रग्बीचा एक क्लब काढला. थोड्याच वर्षांत खेळणारे रोडावले. खाली उतरावयास दुसरा वर्गच नव्हता, तेव्हा १८७८ साली क्लबाने आपला गाशा गुंडाळला, पेढीतील शिल्लक चांदीचे रुपये काढून वितळविले आणि त्यांचा एक पेला घडवून तो इंग्लंडच्या रग्बी युनियनला दिला. त्याच्या मुठी नागांच्या आहेत आणि झाकणावर हत्ती आहे. १८७९ पासून इंग्लंड व स्कॉटलंड त्याच पेल्यासाठी झुंजत आले आहेत. बुडालेल्या क्लबाचे एवढे सुदैव आम्हांस अन्यत्र आढळले नाही.

विदर्भाची गोष्ट निराळी. येथे गुणांचा दुष्काळ प्रथमपासून होता असे कोणी म्हणेल तर ते खरे नव्हे. भारताच्या पहिल्या कसोटी सामन्यात, १९३२ साली लॉर्ड्सवर, ज्यांनी नेतृत्व केले ते सी. के. नायडू नागपुरात १८९५ साली जन्मले. परंतु १९२३ मध्ये ते इंदूरच्या होळकरांच्या आश्रयास गेले. १९२६ च्या डिसेंबरात मुंबईस गिलिगनच्या एम. सी. सी. संघाविरुद्ध ११ षटकारांनिशी १५३ धावा काढून त्यांनी जे नाव मिळविले, ते इंदूरकर म्हणून. पुढे होळकर संघाने १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात चार वेळा रणजी करंडक जिंकला. दरबार होता तेथे खेळाडू गेला. नागपुरात भोसल्यांचे राज्य १८५४ सालीच खालसा झाले होते. मध्यप्रांत व वऱ्हाड या नावाचा एक संघ होता खरा, पण राजाश्रयावाचून त्याची कामगिरी बेताचीच राहिली.

नंतर राजकारणाने नकाशा बदलला. राज्यपुनर्रचना आयोगाने १९५५ साली विदर्भाचे स्वतंत्र राज्य सुचविले होते. ते मान्य झाले नाही, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपुराचे राजधानीपद गेले. एका मोठ्या प्रांताची राजधानी एका रात्रीत दुसऱ्या क्रमांकाचे शहर होणे, यालाही खालच्या वर्गात उतरणेच म्हणावयाचे. फरक इतकाच की यात पुन्हा वर येण्याचा नियम नाही. क्रिकेटने मात्र राजकारणाने नाकारलेले देऊन टाकले. १९५७-५८ पासून विदर्भ हा रणजी स्पर्धेत स्वतंत्र संघ म्हणून उतरला, आणि आजही महाराष्ट्र राज्यातून मुंबई, महाराष्ट्र व विदर्भ असे तीन संघ खेळतात.

त्यापुढील पंचेचाळीस वर्षांविषयी फार लिहिण्याजोगे नाही. सामने विभागवार होत आणि मध्य विभागात विदर्भाची जागा कायम होती. हरले तरी पुढील वर्षी त्याच पाटावर बसावयाचे. खाली पडण्याची भीती नाही तेथे वर चढण्याची निकडही नसते. सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर १९६९ साली न्यूझीलंडने भारतास १६७ धावांनी हरविले, तो नागपुरातील पहिला कसोटी सामना. त्यात भारतातर्फे विदर्भाचा एकही खेळाडू नव्हता. नागपुरात जन्मलेले प्रशांत वैद्य १९९५ मध्ये भारतातर्फे एकदिवसीय सामने खेळले, पण त्या वेळी ते बंगालचे खेळाडू होते. नायडूंची वाट अद्याप मोडली नव्हती.

२००२-०३ पासून विभाग गेले आणि एलिट व प्लेट असे वरचे व खालचे दोन गट झाले. विदर्भाने पुढे बरेच हंगाम प्लेट गटात काढले. खालच्या गटाचा खरा तोटा गुणतक्त्यात दिसत नाही. बलाढ्य संघांशी गाठ पडत नाही, म्हणून निवडकर्त्यांची दृष्टी वळत नाही. आणि ती वळत नाही म्हणून चांगला मुलगा दुसऱ्या प्रांताचा रस्ता धरतो. अशी व्यवस्था दुर्बळांवर अन्याय करते, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. आमच्या मते दोष उतरविण्यात नाही, उतरलेल्यास शिडी न देण्यात आहे. विदर्भास ती शिडी मिळाली, कारण त्याच्या संघटनेने जामठ्याचे नवे मैदान उभारले आणि निवासी प्रबोधिनी काढून मुले हाताशी धरली. खाणकामगाराचा पुत्र उमेश यादव २००८ साली विदर्भातर्फे रणजीत उतरला आणि २०११ मध्ये कसोटी खेळला. विदर्भाचा तो पहिला कसोटीपटू. पहिल्या कसोटीपासून येथवर बेचाळीस वर्षे लागली! २०१४-१५ व २०१५-१६ या दोन्ही हंगामांत संघ उपउपांत्य फेरीपर्यंत गेला. मग प्रवाह उलटा वाहू लागला. मुंबईचा वसीम जाफर येथे खेळावयास आला, चंद्रकांत पंडित शिकवावयास आले.

२०१७-१८ चा उपांत्य सामना कलकत्त्यास कर्नाटकाशी झाला. पहिल्या डावात विदर्भ १८५, कर्नाटक ३०१. एवढ्या पिछाडीवरून पूर्वीचा विदर्भ वाचला नसता. दुसऱ्या डावात ३१३ धावा झाल्या आणि कर्नाटकापुढे १९८ चे लक्ष्य राहिले. रजनीश गुरबानीने ६८ धावांत ७ गडी टिपले. कर्नाटकाचा डाव १९२ वर संपला. पाच धावांनी मिळालेला तो विजय, आमच्या समजुतीप्रमाणे, पुढील करंडकाहूनही मोठा. अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध गुरबानीची हॅट्‌ट्रिक, अक्षय वाडकरचे शतक आणि ५४७ धावांचा डोंगर. १ जानेवारी २०१८ रोजी फैज फजलच्या संघाने नऊ गडी राखून रणजी करंडक जिंकला. स्थळ इंदूर, मैदान होळकरांच्या नावाचे. ज्या गावाने नागपूरचा नायडू नेला, त्या गावाहून नागपूरकर करंडक घेऊन आले. इतिहासास असा विनोद क्वचित साधतो.

२०१८-१९ मध्ये सौराष्ट्रास नमवून करंडक राखला गेला. २०२४-२५ मध्ये केरळाविरुद्ध सामना अनिर्णित राहिला, तरी पहिल्या डावातील ३७ धावांच्या आघाडीवर तो तिसऱ्यांदा आला, आणि हर्ष दुबेने त्या हंगामात ६९ बळी घेऊन स्पर्धेचा विक्रम मोडला. त्याच अंतिम सामन्यात शतक काढणारा करुण नायर पुढे आपल्या कर्नाटकास परत गेला. या वेळी नागपुरात त्याची फारशी चिंता कोणी केली नाही. प्लेट गट मात्र चालूच आहे. २०२५-२६ च्या हंगामात त्यात अरुणाचल, मणिपूर, मेघालय, मिझोराम, सिक्कीम आणि बिहार असे सहा संघ होते.