समाकलनाची तालीम

गणितांत कांहीं भाग असे आहेत कीं ते एकदां समजले म्हणजे पुरे होतें. कांहीं असे कीं ते समजल्यानंतरच खरें काम सुरू होतें. कलनशास्त्रांतील समाकलन, ज्याला विद्यार्थी ‘इंटिग्रेशन’ या नांवानें ओळखतात, तें या दुसऱ्या जातीचें आहे. हौदांत पडणाऱ्या पाण्याच्या धारेचा वेग क्षणोक्षणीं बदलत असतां तासाभरांत एकूण पाणी किती सांचेल, कमीअधिक वेगानें धांवणारी गाडी एकंदर किती मैल जाईल, वक्ररेषेनें वेढलेल्या जागेचें क्षेत्रफळ किती भरेल, असे प्रश्न समाकलनानें सुटतात. सूक्ष्म अंशांची बेरीज करून पूर्ण वस्तु हातीं घेणें, एवढाच त्याचा अर्थ. अर्थ सोपा आहे. कृति मात्र तितकी सोपी नाहीं.

ही अडचण या शास्त्राच्या जन्मापासूनची आहे. जर्मन पंडित लायब्नित्स यानें २९ ऑक्टोबर १६७५ च्या आपल्या टिपणांत अशा बेरजेसाठीं लांबट ‘एस्’ अक्षराचें चिन्ह प्रथम योजिलें, आणि तेंच आज जगभरच्या शाळांतील फळ्यांवर दिसतें. याच शास्त्राचें दुसरें अंग जें विकलन, त्याला नियम आहेत. ते बिनचूक लावले कीं उत्तर हमखास मिळतें. समाकलन म्हणजे विकलनाचा उलट प्रवास, आणि परतीच्या वाटेवर असा सरळ नियम शाळेच्या पुस्तकांत नाहीं. ऑयलर या थोर गणितज्ञानें १७६८ ते १७७० या काळांत केवळ समाकलनाच्या युक्तींना तीन खंड दिले. पुढें १८३० नंतरच्या दशकांत फ्रान्सच्या लिऊव्हिल यानें असें सिद्ध केलें कीं, कांहीं अगदीं साध्या दिसणाऱ्या राशींचें समाकलन आपल्या परिचयाच्या सूत्रांत मांडतांच येत नाहीं. १९६१ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत जेम्स स्लॅगल यांनीं संगणकाकडून समाकलनाचीं उदाहरणें सोडवून घेतलीं. तेव्हां त्या यंत्रालाही एक वाट धरून पाहणें आणि ती न साधल्यास दुसरी धरणें, ही विद्यार्थ्याचीच रीत पत्करावी लागली.

म्हणून समाकलन शिकविणारा शिक्षक हा तालमींतील वस्तादासारखा असतो. डाव कसा टाकावा हें सांगून होण्यासारखें असतें. परंतु समोरचा गडी कोणत्या अंगानें येत आहे हें ओळखून त्या क्षणीं योग्य डाव सुचणें हें रोजच्या मेहनतीशिवाय येत नाहीं. उदाहरण पाहतांच येथें चल बदलावा कीं अपूर्णांकाचे तुकडे करावे, कीं गुणाकारांतील एका अवयवाचें विकलन आणि दुसऱ्याचें समाकलन करून पुढें जावें, हें डोळ्यांना दिसावें लागतें. ही दृष्टि शेंकडों उदाहरणें सोडविल्यावर येते. या तालमीचें मोल किती, आणि ती खरोखर झाली आहे हें ओळखावें कसें, याचा निकाल लावणारा एक प्रसंग अमेरिकेंतील एका हायस्कुलांत १९८२ सालीं घडला.

लॉस एंजेलिसच्या पूर्व भागांत गार्फील्ड हायस्कूल नांवाची शाळा आहे. तेथील बहुतेक विद्यार्थी मेक्सिकन वंशाच्या कष्टकरी कुटुंबांतले. १९७४ च्या सुमारास या शाळेची स्थिति इतकी खालावली होती कीं तिची मान्यताच जाते कीं काय अशी भीति उत्पन्न झाली होती. त्याच वर्षीं हायमे एस्कालांते हे गणिताचे शिक्षक म्हणून तेथें रुजू झाले. त्यांचा जन्म १९३० सालीं दक्षिण अमेरिकेंतील बोलिव्हिया देशांत, ला पाझ या शहरीं झाला. आईवडील दोघेही शिक्षक. मायदेशीं कांहीं वर्षें गणित व पदार्थविज्ञान शिकविल्यानंतर ते अमेरिकेंत आले. तेथें त्यांच्या पूर्वीच्या अध्यापनाला किंमत नव्हती आणि इंग्रजीही त्यांना नीट येत नव्हतें. उपाहारगृहांत फरशी पुसण्याचें काम करीत त्यांनीं ती भाषा शिकून घेतली. पुढें यंत्रविद्येच्या एका कंपनींत नोकरी करून रात्रीं अभ्यास केला, नवी पदवी मिळविली आणि वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षाच्या आंत ते पुन्हां फळ्यासमोर उभे राहिले.

अमेरिकेंत ‘ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट’ नांवाची एक परीक्षा आहे. कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा अभ्यास हायस्कुलांतच करून तींत बसतां येतें. एक ते पांच अशी श्रेणी मिळते, आणि तीन वा अधिक मिळाल्यास उत्तीर्ण समजतात. आपल्याकडे जें समाकलन बारावीच्या वर्गांत येतें, साधारण त्याच प्रकारचें गणित तेथें असतें. गार्फील्डच्या मुलांनीं या परीक्षेला बसावें ही कल्पना त्या काळीं पुष्कळांना अवाजवी वाटली. एस्कालांते यांनींही घाई केली नाहीं. शाळेंत पाऊल टाकल्यापासून कलनशास्त्राचा पहिला वर्ग उघडण्यास त्यांना चार वर्षें लागलीं. १९७८ सालीं सुरू झालेल्या त्या वर्गांतून परीक्षेपर्यंत पांचच विद्यार्थी टिकले. १९८१ सालीं पंधरा बसले व चौदा उत्तीर्ण झाले.

त्यांच्या वर्गांतील कामाची पद्धति सांगण्यासारखी होती. शाळा भरण्यापूर्वीं, सुटल्यानंतर आणि पुष्कळदां शनिवारींही उदाहरणांचा सराव चाले. लहान लहान परीक्षा वरचेवर होत. नियमित येऊं व घरचा अभ्यास करूं, अशा करारावर मुलांच्या आणि पालकांच्या सह्या घेतल्या जात. ‘गानास’ हा स्पॅनिश शब्द त्यांच्या तोंडीं नेहमीं असे. मनापासून वाटणारी इच्छा, असा त्याचा अर्थ. बुद्धि किती आहे हें ते विचारीत नसत. ही इच्छा आहे कीं नाहीं एवढेंच पाहात.

समाकलनाच्या सरावांत ते कोष्टकाचा उपयोग करीत. ‘क्ष’ चा वर्ग आणि ‘क्ष’ ची ज्या, म्हणजे साइन, यांच्या गुणाकाराचें समाकलन करावयाचें आहे असें समजूं. डाव्या रकान्यांत ‘क्ष’ चा वर्ग लिहून त्याचें एकामागून एक विकलन करीत जावें: दोन ‘क्ष’, मग दोन, मग शून्य. उजव्या रकान्यांत ज्या लिहून तिचें तितक्याच वेळां समाकलन करावें: उणें कोज्या, उणें ज्या, अधिक कोज्या. मग डावीकडील प्रत्येक पद उजवीकडील एक ओळ खालच्या पदाशीं तिरपें गुणून आळीपाळीनें अधिक व उणें चिन्ह लावलें कीं उत्तर तयार होतें: उणें ‘क्ष’ वर्ग कोज्या, अधिक दोन ‘क्ष’ ज्या, अधिक दोन कोज्या. उत्तराचें विकलन केल्यास मूळ राशि परत मिळते, आणि ताळा तिथल्या तिथें पटतो. खंडशः समाकलनाची ही जुनीच युक्ति. परंतु ज्या मुलाचा लांबलचक सूत्रांत पाय घसरतो त्याला या दोन रकान्यांनीं धीर येतो. चिन्ह कोठें चुकलें हेंही त्याला स्वतःच शोधतां येतें.

१९८२ च्या मे महिन्यांत गार्फील्डचे अठरा विद्यार्थी परीक्षेला बसले आणि अठराही उत्तीर्ण झाले. शाळेंत आनंद झाला; पण तो फार दिवस टिकला नाहीं. परीक्षा घेणाऱ्या ‘एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस’ या संस्थेला चौदा उत्तरपत्रिकांत संशयास्पद साम्य आढळलें. तुमच्या गुणांविषयीं शंका आहे. पुन्हां परीक्षा द्या, नाहींतर हे गुण रद्द होतील, अशा आशयाचीं पत्रें त्या चौदा जणांच्या घरीं पोहोंचलीं. पूर्व लॉस एंजेलिसमध्यें संताप उसळला. हींच गुणांचीं पत्रकें एखाद्या श्रीमंत वस्तींतील शाळेचीं असतीं तर कोणी शंका घेतली असती काय, असें पालक व शिक्षक विचारूं लागले. आडनांवें अथवा शाळा पाहून आपण निर्णय घेतलेला नाहीं, असें त्या संस्थेचें म्हणणें होतें. एकाच शिक्षकाच्या हाताखालीं एकाच रीतीनें शिकलेल्या मुलांचीं उत्तरें सारख्या वळणानें जाणारच, असा शाळेच्या बाजूचा खुलासा होता.

इतिहास सांगतांना दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जे मॅथ्यूज या वृत्तपत्रकारानें पुढें या प्रकरणावर पुस्तक लिहिलें. कांहीं विद्यार्थ्यांच्या संमतीनें त्यांच्या उत्तरपत्रिका त्याला पाहावयास मिळाल्या, तेव्हां सहाव्या प्रश्नांत नऊ जणांनीं एकच चूक केल्याचें त्याला दिसलें. बरोबर उत्तरांचें साम्य शिकवणुकीनें उलगडतें. चुकीचें साम्य तितकें सहज उलगडत नाहीं. तेव्हां संशय अगदींच निराधार होता असें म्हणतां येत नाहीं. परंतु त्या मुलांना गणित येत होतें कीं नव्हतें, हा प्रश्न निराळाच होता. आणि त्याचें उत्तर कोणत्याही जबानीनें, शपथेनें वा शिफारसपत्रानें मिळण्यासारखें नव्हतें.

तें उत्तर मिळण्याचा मार्ग एकच होता. चौदांपैकीं दोघांनीं पुन्हां बसण्याचें नाकारलें. उरलेले बारा जण ऑगस्टच्या अखेरीस, सुटी संपत आली असतां, नव्या प्रश्नपत्रिकेसमोर बसले. मध्यंतरीं तीन महिने लोटले होते. उजळणीला थोडेच दिवस मिळाले होते. आणि डोक्यावर अप्रामाणिकपणाचा ठपका होता. पाठ केलेलीं उत्तरें एवढ्या अवधींत विसरलीं जातात. दुसऱ्याच्या कागदावरून घेतलेलीं तर त्याच दिवशीं विसरतात. बाराही जण उत्तीर्ण झाले. त्यांचे पहिले गुण कायम झाले.

सरावानें आलेल्या विद्येची परीक्षा कशी करावी, याचें याहून स्पष्ट उदाहरण सांपडणें कठीण. जें एकदां केलें तें दुसऱ्या दिवशीं, दुसऱ्या कागदावर, अपरिचित प्रश्नासमोर पुन्हां करून दाखवितां आलें, म्हणजे ती विद्या आपली झाली. वर्षभर रोज सकाळीं त्या मुलांनीं सोडविलेलीं उदाहरणें कोणत्याही गुणपत्रिकेवर दिसत नव्हतीं. तीं दिसलीं ऑगस्ट महिन्यांत.

पुढील वर्षीं परीक्षेला बसणाऱ्यांची संख्या ३३ झाली आणि त्यांतले ३० उत्तीर्ण झाले. १९८७ सालीं सामान्य कलनशास्त्राच्या परीक्षेंत ७३ व त्याहून वरच्या परीक्षेंत १२ विद्यार्थी यशस्वी झाले. १९८८ सालीं ‘स्टँड अँड डिलिव्हर’ हा चित्रपट निघाला आणि एस्कालांते यांचें नांव देशभर झालें. तो चित्रपट पाहून कित्येकांची अशी समजूत झाली कीं, अपूर्णांकांत अडखळणारीं मुलें एका शिक्षकाच्या तेजस्वी व्यक्तित्वानें अल्प काळांत समाकलनापर्यंत पोहोंचलीं. वस्तुस्थिति अशी नव्हती. बीजगणितापासून कलनशास्त्रापर्यंत वर्गांची एक सलग सांखळी त्यांनीं तयार केली होती; जवळच्या ईस्ट लॉस एंजेलिस कॉलेजांत उन्हाळी सुटींत वर्ग चालत; बेन हिमेनेझ यांच्यासारखे सहकारी व हेन्री ग्रॅडियास यांच्यासारखे मुख्याध्यापक त्यांच्या पाठीशीं होते. १९७४ पासून १९८२ पर्यंतचीं आठ वर्षें त्या अठरा उत्तरपत्रिकांच्या मागें उभीं होतीं.

ही गोष्ट त्यांच्या जाण्यानंतर अधिक कळून आली. मुख्याध्यापक बदलले, सहकाऱ्यांशीं मतभेद वाढले, ३५ विद्यार्थ्यांची मर्यादा असतां त्यांच्या कांहीं वर्गांत पन्नासाहून अधिक मुलें बसत, यावरूनही तक्रारी झाल्या. १९९१ सालीं एस्कालांते यांनीं गार्फील्ड सोडलें व ते सॅक्रामेंटो येथील शाळेंत गेले. कांहीं वर्षांतच गार्फील्डमधील उत्तीर्णांची संख्या झपाट्यानें खालीं आली. इमारत तीच, वस्ती तीच, मुलांची जातकुळीही तीच होती. तुटली होती ती वर्गांची सांखळी. ३० मार्च २०१० रोजीं एस्कालांते कॅलिफोर्नियांत निवर्तले.

आज समाकलनाचें उदाहरण संगणकाला दिल्यास तो क्षणांत उत्तर छापून देतो, आणि मग मुलांनीं शंभर शंभर उदाहरणें कां सोडवावींत, असा प्रश्न सुशिक्षित घरांतूनही विचारला जातो. उत्तर हवें असेल तर यंत्र पुरेसें आहे. परंतु गार्फील्डच्या त्या बारा जणांवर ऑगस्टमध्यें जी वेळ आली, ती उत्तराची नव्हती. त्या दिवशीं त्यांच्याजवळ पेन्सिल होती, कोरा कागद होता, आणि आठ वर्षें खपून उभारलेल्या एका तालमींत कमावलेला हात होता.