जर्मन भाषेतील कालावधीदर्शक रचना

एखादी क्रिया किती वेळ चालते हे सांगणाऱ्या जर्मन भाषेतील शब्दरचनांना कालावधीदर्शक रचना असे म्हणता येते. 'वी लांगे?' (किती वेळ?) या प्रश्नाचे उत्तर त्यांतून मिळते. प्रमाण जर्मनमध्ये 'करतो' आणि 'करत आहे' यांसाठी क्रियापदाची स्वतंत्र रूपे नाहीत. त्यामुळे एखाद्याचा व्यायाम अजून चालू आहे की बंद झाला आहे, हे प्रामुख्याने काळ आणि अव्यय यांवरून ठरते.

विभक्ती

अव्यय नसल्यास कालावधी द्वितीया विभक्तीत येतो. उदा. 'इश श्विमे आइने श्टुंडे' (मी एक तास पोहतो). स्त्रीलिंगी 'श्टुंडे' (तास) आणि नपुंसकलिंगी 'यार' (वर्ष) यांच्या बाबतीत प्रथमा व द्वितीया सारख्याच दिसतात. फरक पुल्लिंगी शब्दांत उघड होतो : 'आइनेन मोनाट' (एक महिना), 'डेन गान्त्सेन टाग' (दिवसभर). भर देण्यासाठी शेवटी 'लांग' जोडतात. अखंड कालावधीसाठी द्वितीया वापरण्याची पद्धत संस्कृतातही असून पाणिनीच्या अष्टाध्यायीत तिचा नियम आहे.

वेळेची मापे

पाव, पाऊण आणि दीड यांसाठी जर्मनमध्ये मराठीप्रमाणेच सुटसुटीत शब्द आहेत.

• फिर्टेलश्टुंडे – पाव तास
• हाल्बे श्टुंडे – अर्धा तास
• ड्रायफिर्टेलश्टुंडे – पाऊण तास
• आंडर्टहाल्प श्टुंडेन – दीड तास

'श्टुंडे' कालावधी दाखवतो, तर 'ऊर' घड्याळातील वेळ दाखवतो. 'हाल्प झीबेन' म्हणजे साडेसात नव्हे, तर साडेसहा. येथे सातव्या तासाचा अर्धा भाग अभिप्रेत असतो.

चालू व पूर्ण कालावधी

पूर्वी सुरू होऊन अजून चालू असलेल्या क्रियेसाठी 'झाइट' हे अव्यय, त्यापुढे चतुर्थी आणि वर्तमानकाळ वापरतात : 'इश ट्रेनीरे झाइट त्स्वाय यारेन' (मी दोन वर्षांपासून व्यायाम करतो). याउलट 'इश हाबे त्स्वाय यारे ट्रेनीर्ट' या भूतकाळी वाक्यातून दोन वर्षांचा व्यायाम आता संपला आहे, असा अर्थ सामान्यतः निघतो. डॉक्टरांना किंवा प्रशिक्षकांना माहिती देताना हा भेद महत्त्वाचा ठरतो. नकारार्थी वाक्यात मात्र 'झाइट'सोबत भूतकाळ येऊ शकतो : 'इश हाबे झाइट ड्राय वोखेन निश्ट ट्रेनीर्ट' (मी तीन आठवड्यांपासून व्यायाम केलेला नाही).

धावणे, पोहणे अशा गतिवाचक क्रियापदांचा भूतकाळ सामान्यतः 'झाइन' या सहायक क्रियापदाने होतो : 'इश बिन आइने श्टुंडे गेलाउफेन' (मी एक तास धावलो).

'फ्यूर' हे अव्यय मुख्यतः ठरवलेल्या मुदतीसाठी येते, जसे की दोन आठवड्यांसाठी शिबिराला जाणे. 'फोर' म्हणजे 'पूर्वी'. 'फोर त्स्वाय यारेन' यातून किती काळ हे नव्हे, तर केव्हा हे कळते.

मराठी भाषकांच्या दृष्टीने

'झाइट'ची रचना मराठीतील '-पासून' व वर्तमानकाळ या रचनेशी जुळते. इंग्रजीत मात्र अशा ठिकाणी 'फॉर' आणि पूर्ण वर्तमानकाळ येतो. त्यामुळे इंग्रजीच्या आधारे जर्मन शिकणाऱ्याकडून 'झाइट'च्या जागी 'फ्यूर' वापरला जाण्याची शक्यता असते. येथे थेट मराठी वाक्यावरून रचना करणे अधिक सोपे ठरते.