बेथेल : जालन्याजवळील एक धर्मवसाहत

जालना परिसराच्या इतिहासात बेथेल या छोट्या वसाहतीचे स्थान आगळे आहे. तिचे संस्थापक रेव्हरंड नारायण शेषाद्री हे मूळचे ब्राह्मण. १८४३ मध्ये मुंबईत त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याच वर्षी त्यांचा अल्पवयीन बंधू श्रीपत न्यायालयाच्या आदेशाने माता-पित्यांकडे परतला; एकाच घरातील दोन भावांचे मार्ग वेगळे झाले.

पुढे जालन्यास आलेल्या शेषाद्रींनी निजामाचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून लाभलेल्या जमिनीवर हे गाव वसविले. गावकुसाबाहेर राहणाऱ्या मातंगादी समाजांतील नवख्रिस्ती कुटुंबांना येथे घर, शाळा व प्रार्थनामंदिर मिळाले. ‘बेथेल’ म्हणजे ईश्वराचे घर. धर्मांतराविषयी मतभेद असोत. परंतु ज्यांना गावात जागा नव्हती, त्यांच्यासाठी गाव उभारणारे हे कार्य जालनेकरांच्या स्मरणात राहावे.